पॅड बदलूनही क्लॅरिनेट परत परत लीक होतंय? आधी पॅडचा नाद सोडा

तक्रार दरवेळी साधारण सारखीच असते. खालचे ई, एफ, जी जोर लावून फुंकल्याशिवाय निघत नाहीत, ब्रेक (खालच्या आणि वरच्या सुरांमधला सांधा) ओलांडून मधल्या रेघेवरच्या बी वर गेलं की एकतर सूर फुटतो नाहीतर चीं करून किंचाळतो, मग वाद्य दुरुस्तीला जातं, तिथे 'पॅड (चावीखालच्या, भोक बंद करणाऱ्या गाद्या) गेलेत' असं निदान होतं, नवे पॅड बसतात, पंधरा-वीस दिवस झकास वाजतं आणि मग येरे माझ्या मागल्या. परत दुरुस्ती, परत नवे पॅड. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, तो प्रकार.

साधा विचार करा. ब्लॅडर पॅड, म्हणजे फेल्टवर पातळ पारदर्शक पडदा ताणलेला नेहमीचा पॅड, वाद्य वाजवून झाल्यावर नीट पुसून ठेवलं तर आरामात काही वर्षं जातो. तो जर महिन्याभरात 'जात' असेल तर तो आपणहून जात नाहीये, त्याला कोणीतरी घालवतंय. आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा पॅडच्या आसपासच असतो: लूज झालेली चावी, वाकलेली पट्टी, चेपलेला कॉर्क, नाहीतर रोज वाद्य जोडताना पडणारा हात. हे शोधल्याशिवाय कितीही भारी पॅड आणा, काही उपयोग नाही.

खालचं सगळं बी फ्लॅट क्लॅरिनेटबद्दल आहे, आपलं नेहमीचं १७ चाव्या आणि ६ रिंगांचं, लाकडी असो नाहीतर प्लॅस्टिकचं. सॅक्सोफोन आणि फ्लूटबद्दल शेवटी थोडं टाकलंय.

आधी लीकच आहे का ते बघा

रीड बदलून बघा, माउथपीस दुसरा लावून बघा. हसू नका, वाकडी झालेली रीड अगदी लीकसारखीच वागते. माउथपीसच्या टोकाला बारीक टवका उडालेला असेल तरी तेच. दुसऱ्याच्या चांगल्या क्लॅरिनेटवर तुमचा माउथपीस आणि तुमची रीड लावून खालचा ई सहज निघाला तर दोष बॉडीत आहे, मग पुढे वाचा.

आता लीकमुळे खालचेच सूर का मरतात ते एकदा समजून घेतलं की शोधणं सोपं जातं. खालचा ई वाजवताना वरपासून खालपर्यंत जवळपास सगळी भोकं बंद लागतात, म्हणजे कुठलंही एक पॅड जरा उघडं राहिलं तरी त्याचा फटका त्याच्याखालच्या सगळ्या सुरांना बसतो. त्यामुळे वरच्या ओपन जी पासून एकेक बोट टाकत सावकाश खाली या, फुंक मऊ ठेवा, आणि कुठल्या सुरापासून आवाज धुरकट व्हायला लागला ते लक्षात ठेवा. लीक साधारण त्या सुराच्या भोकापाशी किंवा त्याच्या जरा वर असतो.

दुसरी खूण म्हणजे सूर आपोआप वर उडी मारणं. रजिस्टर चावीचं भोक मुळात किती बारीक असतं बघा, तेवढंच उघडलं की क्लॅरिनेट बाराव्या सुरावर उडी मारतं. मग वरच्या जॉइंटमधे (बॉडीच्या दोन तुकड्यांपैकी वरच्या) कुठेतरी तेवढाच लीक असेल तर तो रजिस्टर चावीचंच काम करणार ना. म्हणजे तुम्ही खालचा सूर धरलाय, अंगठा रजिस्टर चावीला लागलेलाही नाही, आणि तरी सूर वर पळतो, तर वरचा जॉइंट आधी तपासायचा.

यात एक सोपी युक्ती आहे, त्याला दोन माणसं लागतात. एकाने खालचा ई धरून मऊ फुंकत राहायचं आणि दुसऱ्याने न दाबता बंद असणाऱ्या चाव्यांचे कप (पॅड बसवलेल्या वाट्या) एकेक करून बोटाने हलकेच दाबत जायचं: रजिस्टर, घशातल्या ए आणि जी शार्पच्या चाव्या, बाजूच्या चार ट्रिल चाव्या, सी शार्पवाली, दोन्ही जॉइंटवरच्या लांबट बारीक चाव्या, खाली ए फ्लॅट आणि एफ शार्प. कुठली दाबल्यावर सूर एकदम उघडला ती चोर. घशातल्या ए आणि जी शार्पच्या मधे एक छोटा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो त्याच्याकडे खास लक्ष द्या, दोघींच्या मधे केसभर मोकळीक पाहिजे, कोणीतरी उत्साहाने तो स्क्रू पिळलेला असेल तर दोघींपैकी एक पॅड कायम किंचित उचललेला राहतो आणि अख्खं वाद्य घुसमटतं. पाव फेरा उलटा फिरवला की काम झालं, पॅडला हातही लावायला नको.

ओढून आणि फुंकून, दोन्ही

जॉइंट सुटा करा, खालचं तोंड तळहाताने बंद करा, सगळी भोकं बोटांनी झाका आणि वरून हवा ओढा. ओठ सोडताना टच् असा आवाज आला, हवा दोन-तीन सेकंद धरली तर लोक म्हणतात लीक नाही. अर्धंच खरं आहे हे. हवा ओढल्यावर बाहेरचा दाब बंद पॅडना आत ढकलतो, म्हणजे स्प्रिंग मेलेली असली तरी पॅड चिकटून बसतो आणि टेस्ट पास होते. वाजवताना मात्र आतून बाहेर दाब असतो, पॅड उचलला जातो. म्हणून उलट टेस्टही करायचीच, हलकी फुंक मारून, आणि ओल्या ओठाजवळ किंवा गालाजवळ एकेक पॅड फिरवून वारा लागतो का बघायचं. ओढताना ठीक आणि फुंकताना लीक असं असेल तर स्प्रिंग कमजोर आहे, पॅड नाही. आणि दोन्हीकडे लीक पण पॅड सगळे चांगले असं असेल तर लाकडाची चीर, रजिस्टरची किंवा अंगठ्याच्या भोकातली ट्यूब, पोस्टच्या (चाव्या धरणाऱ्या छोट्या खांबांच्या) स्क्रूचं भोक, इकडे बघा. चीर बहुतेक वरच्या जॉइंटवर, ट्रिल चाव्यांच्या भोकांच्या रांगेत सापडते, उजेडात तिरकं धरून बघितल्याशिवाय दिसत नाही.

मग फीलर, म्हणजे फट चाचपायची पट्टी. सिगरेटच्या कागदाची, गोंदाचा भाग सोडून, तीन-चार मिलिमीटर रुंद पट्टी कापा नाहीतर एकदम पातळ प्लॅस्टिक फिल्म असेल तर अजून उत्तम. पट्टी पॅडखाली घालायची, चावी वाजवताना लागते तेवढ्याच जोराने बंद करायची आणि पट्टी ओढायची. चार ठिकाणी: मागे म्हणजे हिंजकडे, समोर, डावीकडे, उजवीकडे. चारही ठिकाणी सारखी ओढ लागली पाहिजे. घट्ट दाबून बघू नका, घट्ट दाबल्यावर सगळेच पॅड बसतात.

जुना पॅड फेकू नका, आधी वाचा

हे कोणीच करत नाही आणि मला यातच सगळ्यात जास्त माहिती मिळते. पॅड काढला की उजेडात धरा आणि भोकाच्या कडेने उमटलेली गोल खूण बघा. एकच बारीक, सगळीकडे सारखी खोल खूण असेल तर तो पॅड नीट बसत होता, बिचाऱ्याला उगाच काढलात. एका बाजूला खोल आणि समोर जवळजवळ नाहीच अशी खूण असेल तर कप तिरका आहे किंवा पॅडची जाडी चुकलीये. हिंजच्या बाजूला खोल म्हणजे पॅड जाड पडतोय, आधी मागे टेकतो आणि पुढे फट राहते, समोरच्या बाजूला खोल असेल तर उलट. यात अर्ध्या मिलिमीटरनेसुद्धा फरक पडतो, त्यामुळे पॅड मागवताना नुसता व्यास नाही तर जाडीही मोजायची, कॅलिपरने.

आणि जर दोन खुणा असतील, एकमेकांवर जराशा सरकलेल्या, किंवा एकच पण पसरट, भुरकट कडांची खूण, तर समजा सापडलं. ती चावी दरवेळी वेगळ्या जागी बसतीये. म्हणजे चावीला प्ले (डुगडुग) आलाय.

चावीचा प्ले: माझ्या मते निम्म्याहून जास्त परत येणाऱ्या केसेस इथेच

पॅड कप दोन बोटांत धरून हळूच आधी रॉडच्या (चावी ज्या सळईवर फिरते तिच्या) लांबीच्या दिशेने हलवा, मग त्याला आडवं. टक् टक् लागतं का? दोन प्रकारचा प्ले असतो. एक म्हणजे ट्यूब (रॉडवर बसणारी चावीची नळी) दोन पोस्टच्या मधे लांबीत कमी पडते आणि चावी पुढे-मागे सरकते. दुसरा म्हणजे ट्यूब आतून झिजलीये आणि रॉडवर डुगडुगते. नवीन पॅड बसवणारा माणूस चावी एका जागी धरून पॅड सीट करतो, पॅडवर खूण पडते, फीलर टेस्ट पास. वाद्य घरी जातं. तिथे बोट थोडं वेगळ्या कोनातून पडतं, चावी अर्धा केस सरकते, आणि पॅडवरची खूण आणि भोकाची कड यांची गाठ पडत नाही. पहिले पंधरा दिवस पॅड मऊ असतो म्हणून सांभाळून घेतो, नंतर कडक झाला की सांभाळत नाही. म्हणजे पॅड बदलल्यावर बरं वाटतं ते यामुळे, आणि परत बिघडतं तेही यामुळेच.

इलाज म्हणजे स्वेजिंग. रॉड ट्यूबमधे ठेवूनच, ट्यूबच्या मापाचं अर्धगोल खाच असलेलं खास पक्कड वापरून ट्यूबच्या टोकाजवळ हलकं दाबत आणि फिरवत जायचं, चाव्यांचा धातू जर्मन सिल्व्हर असतो (नाव सिल्व्हर, आत चांदी औषधालाही नाही, तांबं निकेल आणि जस्त), तो दाबल्यावर लांबीत वाहतो, ट्यूब जराशी लांब होते आणि आतून रॉडला घट्टही बसते. रॉड मधेच काढून ठेवून दाबलं तर ट्यूब चपटी होऊन चावी अडकणार, त्यामुळे रॉड आतच हवा. साध्या पकडीने हे करू नका, ट्यूबवर दात उमटतात आणि चावी जाम होते ते वेगळंच. दोन टोकांना टोकदार पिव्होट स्क्रूंवर बसलेल्या चाव्यांना रॉड नसतो, तिथे स्क्रू थोडा आत जावा म्हणून पोस्टवरची त्याची बैठक किंचित खोल करतात. ही दोन्ही कामं हत्यारं आणि सवय असलेल्या माणसाचीच, पण दुरुस्तीला देताना तुम्ही 'पॅड बदला' ऐवजी 'आधी चाव्यांचा प्ले काढा' असं म्हणालात तरी अर्धी लढाई जिंकली.

लाकडी वाद्यात अजून एक भानगड. पोस्ट लाकडात आट्यांनी बसवलेले असतात. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, आटे ढिले पडतात आणि स्प्रिंगच्या ताणाने पोस्ट हळूहळू फिरतो, मग रॉड कधी अडकतो कधी चावी सुस्त होते, आणि गंमत म्हणजे पावसाळी दमट हवेत सगळं आपोआप ठीक होतं म्हणून दोष सापडतच नाही. पोस्ट बोटाने फिरतोय का बघा. फिरत असेल तर काढून, आट्याखाली पातळ वॉशर घालून सरळ रेषेत परत घट्ट करतात. वाद्य ठेवायच्या जागी साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता राहिली तर हे प्रकार खूप कमी होतात.

एक सांगतो, प्ले असलेल्या चावीत घट्ट तेल टाकून महिना-दोन महिने ढकलता येतात, जाड की ऑइल फटीत थांबतं आणि डुगडुग कमी करतं. तात्पुरतं म्हणून ठीक. पण गंज सोडवायचे पातळ स्प्रे अजिबात मारू नका, ते चार दिवसांत उडून जातात, जाताना असलेलं तेल धुऊन नेतात आणि पॅडवर उडाले तर पडदा खराब.

दोन पॅड एकदम बंद होणारी ठिकाणं

१८३९ ते १८४३ च्या सुमारास क्लोझे (वादक) आणि बुफे (वाद्य बनवणारा) या जोडीने रिंगांचं क्लॅरिनेट तयार केलं, ब्योमच्या फ्लूटवरून कल्पना घेऊन, म्हणून आजही त्याला ब्योम सिस्टिम म्हणतात जरी ब्योमने स्वतः ते बनवलं नव्हतं. त्या रिंगांमुळे बोटं सोपी झाली, पण एका बोटाने दोन-दोन पॅड बंद व्हायला लागले आणि दुरुस्तीवाल्यांच्या पोटापाण्याची कायमची सोय झाली. कारण दोन पॅड एकाच क्षणी बसले पाहिजेत, एक कागदभर जरी आधी बसला तर दुसरा उघडा राहतो.

पहिलं ठिकाण म्हणजे क्रोज फूट, उजव्या करंगळीच्या चाव्यांखालची कावळ्याच्या पायासारखी पट्टी. करंगळीने ई/बी (एकच चावी, रजिस्टर न धरता ई, धरल्यावर बी; एफ/सी चंही तसंच) दाबलं की ई/बी चा मोठा पॅड बंद होतो आणि ही पट्टी दाबली जाऊन एफ/सी चा पॅडही बंद होतो. पट्टी किंचित खाली वाकली की एफ/सी उघडा राहतो, वर वाकली की ई/बी. ब्रेकवरचा बी न निघण्याचं हे एक नंबरचं कारण आहे. तपासायचं असं: फक्त डाव्या करंगळीने खालचा ई धरा, मऊ फुंका, आणि मग उजव्या करंगळीने एफ/सी पण दाबा. सूर एकदम मोकळा झाला तर एफ/सी चा पॅड पूर्ण बसत नव्हता. मग दोन्ही पॅडखाली एकेक कागदाची पट्टी घालून ई/बी दाबा आणि दोन्ही पट्ट्यांची ओढ सारखी होईपर्यंत क्रोज फूट एवढंसं वाकवायचं. एवढंसं म्हणजे अगदी एवढंसं, दिसेल इतकं वाकलं तर जास्त झालं. चावी ओतीव स्वस्त धातूची असेल तर वाकवताना तुटू शकते, तिथे पट्टीवरच्या कॉर्कची जाडी कमी-जास्त करून काम भागवणं बरं.

खूप जण शिकवतातच मुळी की बी वाजवताना दोन्ही करंगळ्या दाबा. वाजवायला सवय म्हणून ठीक आहे हो, पण बऱ्याचदा ती सवय क्रोज फूटचा दोष झाकायला लागलेली असते. वर्षानुवर्षं.

दुसरं ठिकाण ब्रिज, वरचा आणि खालचा जॉइंट जोडल्यावर एकमेकांवर येणारे दोन हात. डाव्या पहिल्या बोटाबरोबर उजवं पहिलं बोट टाकून येणारा वरचा बी फ्लॅट, ज्याला सगळे एक-एक म्हणतात, तो घोगरा असेल तर ब्रिजमधे फट आहे, वरचा पॅड पूर्ण खाली येत नाहीये. उलट ब्रिजवरचा कॉर्क जास्त जाड असेल तर वरचा पॅड आधी बसून थांबतो आणि खालच्या रिंगांचा पॅड उघडा राहतो, मग एक-एक छान पण खालचे सगळे सूर मेलेले. ओळखायला सोपं, दोन्ही जॉइंट एकमेकांवर जरासे फिरवा म्हणजे ब्रिज एकमेकांना लागणार नाही, आणि खालचे सूर वाजवून बघा. सुधारले तर ब्रिजच. कॉर्कवरून बारीक सँडपेपरची पट्टी एक-दोनदा ओढून परत बघा, घाई करून सगळा कॉर्क घासून टाकू नका.

आणि इथेच त्या 'पंधरा दिवसांनी परत' चं दुसरं उत्तर आहे. ओव्हरहॉलमधे सगळे कॉर्क आणि फेल्ट नवे लागतात. नवा कॉर्क वापराने दबतो. नवा पॅडही दबतो. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात दबतात, म्हणून जुळवलेलं सगळं रेग्युलेशन (चाव्यांचा एकमेकींशी मेळ) जरासं हलतंच. त्यामुळे संपूर्ण ओव्हरहॉलनंतर तीन-चार आठवड्यांनी एकदा परत दाखवून घेणं हा दोष नाही, कामाचाच भाग आहे, आणि चांगला कारागीर ते आधीच सांगतो. त्यावेळी पॅड बदलायची गरज नसते, नुसतं कागद लावून जुळवायचं असतं. पण त्यानंतर परत महिन्याभरात तेच झालं तर मात्र कॉर्कला दोष देऊ नका, वरचा प्लेवाला भाग परत वाचा.

रोज तुम्हीच वाकवताय, बघा जरा

हे वाचून काही जण चिडतील. टेननचा (जॉइंटच्या, दुसऱ्यात घुसणाऱ्या टोकाचा) कॉर्क कोरडा किंवा जाड असला की जॉइंट जोडायला जोर लागतो. जोर लागला की माणूस जिथे पकड मिळेल तिथे पकडतो, आणि क्लॅरिनेटच्या खालच्या जॉइंटवर पकडायला हाताशी काय येतं तर करंगळीच्या लांब चाव्या. त्या रोज दोनदा पिळल्या जातात, एकदा जोडताना एकदा सोडवताना. ब्रिजचं तेच, वरच्या जॉइंटच्या रिंगा दाबून ब्रिजचा हात उचलून न धरता जॉइंट घुसवला की ब्रिज ब्रिजवर आदळतो. दुरुस्तीवाल्याने एवढ्या निगुतीने जुळवलेलं क्रोज फूट आठवड्याभरात परत वाकडं, आणि शिव्या खातो पॅड.

म्हणून माझ्याकडे 'परत बिघडलं' म्हणून वाद्य आलं की मी आधी ते मालकालाच जोडायला सांगतो आणि नुसता बघत बसतो. बऱ्याचदा तिथेच कळतं.

टेनन कॉर्क असा हवा की कॉर्क ग्रीस लावल्यावर जॉइंट थोड्याही हिसक्याशिवाय, नुसत्या फिरवण्याने आत जावा, पण जोडल्यावर डुगडुगू नये. जाड असेल तर सँडपेपरच्या पट्टीने गोल फिरवत कमी करायचा, सगळीकडून सारखा. लाकडी वाद्यात दमट हवेत टेननचं लाकूडच फुगतं, तेव्हा कॉर्क घासू नका, लाकूड परत बसलं की तो ढिला पडेल. लाकूड कुठे घासलं जातंय ते चकाकणाऱ्या डागावरून दिसतं आणि तेवढंच लागलं तर कारागिराकडून कमी करून घ्यायचं.

पॅड बसवायचाच झाला तर

इतकं सगळं तपासून झालं आणि पॅडचा पडदाच फाटलाय किंवा फेल्ट पाण्याने कडक झालंय असं निघालं तर बदला की, मी कुठे नाही म्हणतोय. फक्त नीट बदला.

आधी भोकाची कड साफ करून नखाने चाचपा. एखादा टवका, जुना गोंद, केसाएवढी चीर लागली तर आधी तिची दुरुस्ती, लाकडी वाद्यात त्याच लाकडाचा भुसा आणि सुपरग्लू भरून परत सपाट करतात, पण ते हत्याराने काटकोनात कापायला लागतं, हाताने घासलं तर कड गोलाकार होते आणि मग कुठलाच पॅड बसत नाही.

कपमधे लाख. मधोमध एक थेंब टाकून पॅड चिकटवलेला असतो ना, तो प्रकार नको, पॅडच्या मागे पोकळी राहते आणि पॅड एका बाजूला कलतो. कपचा तळ पूर्ण झाकला जाईल इतकी लाख हवी, म्हणजे गरम असताना पॅड तिच्यावर तरंगतो आणि त्याला भोकाच्या कडेला समांतर फिरवता येतं. पॅडच्या कडेला सुईने एक बारीक टोचा मारून ठेवा, नाहीतर गरम झाल्यावर आतली हवा फुगून पडदा पुरीसारखा टम्म होतो. उष्णता कपच्या पाठीवर द्यायची, पॅडवर नाही. लाख साधारण ७५ ते ८० अंशांना मऊ होते, ज्योत धरून ठेवायची गरजच नसते. प्लॅस्टिक बॉडी असेल तर चावी काढून दूर गरम करा. लाखेऐवजी हॉट ग्लूही चालतो, मीही वापरतो, पण उन्हात बंद गाडीत वाद्य राहिलं तर काही ग्लू मऊ पडून पॅड सरकतात, हेही एक 'आपोआप बिघडलं' चं कारण.

लाख मऊ असतानाच पॅड कागदाने तपासून चपट्या पातळ पट्टीने हलवून जुळवा. कप वाकवून जुळवणं हा शेवटचा उपाय. आणि क्लॅम्प लावून रात्रभर पॅड दाबून ठेवायची पद्धत मला पटत नाही. खोल खूण पडते, टेस्ट पास होते, पण तो पॅड जोराने दाबल्यावरच बसणारा असतो, आणि वर सांगितलं तसा चावीला जरा प्ले असेल तर खोल खुणेचा फायदा नाही, तोटाच. हलक्या बोटाने बसला तरच बसला म्हणायचं.

स्प्रिंगचं थोडक्यात: निळ्या पोलादी सुईसारख्या स्प्रिंगांवर गंजाचा ठिपका दिसला तर तीच बदला, ती तुटणारच आहे, कधी ते फक्त माहीत नाही. चपट्या स्प्रिंग स्क्रू ढिला झाल्यानेही कमजोर वागतात, आधी स्क्रू बघा.

पाण्याचंही लोक लीकमधे धरतात. ए किंवा सी शार्पच्या भोकात गुडगुड होत असेल तर तो लीक नाही, थुंकीचं पाणी त्या भोकाच्या वाटेने वाहतंय. कागदाने टिपा, वाजवताना मधूनमधून स्वॅब ओढा, आणि तरीही तेच भोक भरत असेल तर तिथे ब्लॅडरऐवजी कॉर्कचा पॅड बसवून घ्या, पाणी लागून खराब होत नाही आणि चटकन कोरडा होतो. स्वॅब ओढताना वरच्या जॉइंटमधे रजिस्टरची ट्यूब आत आलेली असते हे विसरू नका, अडकला तर जोर न लावता आलेल्या वाटेनेच परत ओढायचा.

सॅक्सोफोन आणि फ्लूटवाल्यांसाठी

सॅक्सोफोनला तपासायला बारीक लाइटची दोरी आत सोडा, अंधारात पॅड बंद केल्यावर कुठून उजेड येतो ते दिसतं. खालचे सूर थरथरत असतील आणि लाइटने काहीच सापडत नसेल तर नेकचं टेनन बघा, नेक बॉडीत डुगडुगत असेल तर तिथून हवा जाते आणि लोक खालचे पॅड बदलत बसतात. जी शार्प आणि बिस (बी फ्लॅटच्या छोट्या) चावीचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू हे सॅक्सचं क्रोज फूट समजा, एफ दाबल्यावर ते दोन्ही पॅड बरोबरच बंद झाले पाहिजेत. जी शार्प चिकटून बसत असेल तर पॅड न बदलता आधी भोकाची कड आणि चामडं साफ करून घ्या.

फ्लूटचे पॅड बहुतेक स्क्रू आणि वॉशरने बसतात आणि त्यांची पातळी कागदाच्या पातळ चकत्या मागे घालून जुळवतात, इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची भाषा चालते. घरी हात घालू नका. तुम्ही एवढंच करायचं की जोडताना चाव्यांवर पकडायचं नाही, चाव्या नसलेल्या भागावर पकडायचं, आणि पॅड सिगरेटच्या कागदाने टिपताना कागद पॅड बंद असताना ओढायचा नाही, पडदा फाटतो, चावी उघडून मगच कागद काढायचा.